एका पावलात

गुरुवारच्या बाजारात वीस रुपयांचे झिंगे
पुस्तकला मारबतेनं कागदात बांधून दिले,
वरून एक चिमूट जास्त.
"जागलीले चालला ना? ने."

समुद्र तिनं पाहिलेला नाही.
मीही नाही.
पोतं गोंदियाहून येते, त्याच्याआधी कुठून, कोणास ठाऊक.
पोत्याच्या शिवणीत वाळू सापडते,
आमच्या गाढवी नदीच्या वाळूपेक्षा बारीक.
ती झटकत नाही.
वजनात जाते, म्हणते, आणि हसते.

हत्ती मात्र तिनं पाहिला.
परसात, पहाटे चारला,
मोहाच्या झाडाला पाठ घासत होता.
"पहिले मले वाटलं ढग उतरला.
मंग ढगानं शेण टाकलं."

माझं काम रोजंदारीचं.
कळप कुठे आहे ते फोनवर सांगायचं,
सकाळी रजिस्टर भरायचं.
मी आणि उरकुडा कोवे धुऱ्यावर बसतो :
एक बॅटरी, दोन घोंगड्या,
डब्यात भात, कागदात भाजलेले झिंगे.

उरकुड्यानं एक झिंगा शेपटीला धरून
उजेडात फिरवला.
"सांग बे, याच्यात अन् त्याच्यात काय सारखं?"
काहीच नाही, मी म्हणालो.
"हाय ना. याले मिशा, त्याले सोंड.
दोघंही आंधी चाचपते, मंग पाय टाकते.
आपल्यासारखे नाही."

माझी पोरगी दहावीला आहे.
तिनं एकदा सांगितलं होतं,
झिंग्याचं हाड बाहेर असते, मांस आत.
वाढायचं झालं की तो कवच सोडून निघतो
आणि नवं घट्ट होईपर्यंत
उघडा राहतो, कोणीही खावं असा.
हत्तीला ही सोय नाही.
तो जुनं कातडं घड्या घालून अंगावरच ठेवतो,
त्यात मागच्या राज्याची माती,
कुंपणाच्या तारेचा ओरखडा,
कोणीतरी फेकलेल्या टेंभ्याचा डाग.

आणि झिंग्याचं काळीज
डोक्यापाशी असते म्हणे.
आम्ही तर डोकंच आधी मोडून फेकतो.

दोन वाजता कुत्री गप्प झाली.
भुंकली असती तर बरं होतं.
बॅटरी विझवली.
आले. तेवीस की चोवीस, मोजता आले नाहीत,
अंधारातून अंधार सुटा होत गेला.
एवढं वजन
आणि पावलाचा आवाज नाही.
फक्त धान उपटल्याचा,
मुळाची माती पायावर झटकल्याचा,
आणि पोटात कुठेतरी दळण चालल्याचा.

उरकुड्याच्या तोंडात झिंगा होता.
तो चावेना.
गालात धरून बसला, डोळे मोठे करून,
कारण त्या बोटभर जिवाचं कुर्र
त्या वेळी
साऱ्या बांधीत सगळ्यात मोठं झालं असतं.

किती वेळ, सांगता येत नाही.
विरघळला म्हणाला नंतर.
खारट लागत होता, लई खारट,
जसा काही आताच निघाला पाण्यातून.

उजाडल्यावर दोरी घेऊन उतरलो.
पुढच्या पायाचा घेर दुप्पट केला
की खांद्याची उंची निघते, एवढं मला येते.
ओल्या चिखलात पाऊल परातीएवढं,
त्यात पाणी झिरपून आलेलं,
आणि पाण्यात, रात्री कागदातून सांडलेला,
एक झिंगा.
फुगला होता.
वाकडी पाठ थोडी सैल,
पाय सुटे सुटे,
मिशी एक शाबूत, ती हलत होती.
वारा असेल.

दोरी तशीच हातात राहिली.
एवढ्या दूर आणून वाळवलेल्याला
पाणी मिळालं ते इथं,
हत्तीच्या टाचेत.

रजिस्टर भरलं.
कळप : पूर्वेकडे गेला. नुकसान : अर्धी बांधी, एक पुंजना.
शेवटचा रकाना : इतर प्राणी आढळल्यास.
मी लिहिलं, एक.
मग खोडायला लागलो.

"खोडू नको," उरकुडा म्हणाला.
"सायेबानं इचारलं तं सांगू,
पाव्हना होता."